माहेरच्या नावाचा रकाना

६ जानेवारी १९७४, रविवार

दोन मजले चढायला लावले त्या मशीनने! जिन्याच्या वळणावर भिंतीवरची पाटी वाचत उभी राहिले — बोटे सांभाळा, हेल्मेट वापरा — आणि यांची आठवण आली. हेही कुठल्याही जिन्यात मधेच थांबायचे. छत्रीच्या काड्या चाचपत बसायचे. भर उन्हाळ्यातसुद्धा हातात छत्री! मी हसायचे. म्हणायचे, चला की, छत्री कुठे पळून जात नाही.

खोलीच्या दारात चपला काढायच्या, देवळासारख्या. आत गारठा. शाल नेली नाही ही चूक. गोदरेजच्या कपाटांएवढी धुडं भिंतीलगत उभी, दिवे लुकलुकतात, आणि मधे ज्योतीराम — स्वेटर, मफलर, कपाळाला अष्टगंध. लातूरकडचा मुलगा. आकुर्डीच्या या कंपनीत कामगारांचा पगार काढणारं मशीन तो चालवतो. रविवारी मशीन मोकळं असतं. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टर नीला यांनी कंपनीच्या मोठ्या साहेबांना गळच घातली — रविवारचं आम्हाला द्या, आमच्या पोरांची हृदयं मोजायची आहेत.

कॉम्प्युटर. लिहितानाही हात अडखळतो. मला वाटलं होतं बोलत असेल. नुसतं घरघरतं.

७ जानेवारी

पदर झटकला तर मशीनला भरवायच्या कार्डांना पाडलेल्या भोकांच्या टिकल्या घरभर. लग्नघर झाल्यासारखं.

१५ जानेवारी, मंगळवार

संक्रांत झाली. आजचा मंगळवार इंजेक्शनचा.

सात वर्षं झाली मी या टेबलाशी बसते. आधी हौस म्हणून, हे गेल्यावर गरज म्हणून, आणि आता दुसरीकडे कुठे बसवणार नाही म्हणून. पोरांचे सांधे सुजतात, ताप येतो, चार दिवसांत उतरतो. आईबाप विसरून जातात. पण तो ताप हृदयाच्या झडपेवर बसून राहतो. पुन्हा पुन्हा आला की झडप कायमची बिघडते. त्याला उपाय एकच — दर महिन्याला पेनिसिलीन, वर्षानुवर्षं. हे ज्या कारखान्यात होते तिथेच ते बनतं. यांच्या शर्टाला त्या बुरशीचा वास असायचा. आंबूस, ओल्या पावासारखा. आज बाटली उघडली की तो नाहीच येत. औषध झालं की वास जातो वाटतं.

इंजेक्शन भारी दुखतं. मुलगे शिव्या देतात. मुली काही ना काही धरतात — आईचा दंड, टेबलाची कड. रावेतच्या सरूबाईची कस्तुरा वेणीचं टोक दातात धरायची. पहिल्यांदा आली ती अकरा वर्षांची, सरूबाईच्या पाठुंगळी. गुडघे टरारून सुजलेले.

मला कळतं ते दुखणं. बेळगावला कॉन्व्हेंटमध्ये मी दहा वर्षांची असताना असेच गुडघे धरले होते. मग मनगटं, मग घोटे. ईस्टरआधीचा अख्खा उपासाचा महिना सिस्टर अ‍ॅग्नेसने मला आजाऱ्यांच्या खोलीत ठेवलं. लाल फ्लॅनेल गुंडाळायची, कडू पावडर द्यायची, वर साखरेचा एक खडा. खिडकीतून मुलींच्या दोरीवरच्या उड्या ऐकू यायच्या. 'वाढत्या वयाचं दुखणं आहे ग,' म्हणायची. किती प्रेमाचा हात होता तो!

१७ फेब्रुवारी, रविवार

आज मशीनचं उत्तर आलं — इंजेक्शनला कोण येत राहतं, कोण गळतं. दोन्ही काठांना भोकं असलेला लांबच लांब कागद, घडीवर घडी पडत गेली. ज्योतीरामने टेबलावर पसरला.

मुलगे आहेत. लहान मुली आहेत. सोळाच्या पुढच्या मुली — नाहीत. कार्ड आहे, पुढे इंजेक्शन नाही. जवळजवळ सगळ्या. जशा विहिरीत पडल्या!

नीलाने दोनदा विचारलं, मशीन चुकतं का. तो म्हणाला, "मॅडम, मशीन चुकत नसतंय. आपन जे दिलं तेच ते देतंय बगा."

मला त्या मुलींचाच राग आला. एवढी आम्ही वाट बघतो. एवढं फुकट औषध. मोठ्या झाल्या नि शेफारल्या.

१२ मार्च, मंगळवार

मुंबईची समिती आम्हाला औषध पुरवते. नीलाने कागद तिकडे पाठवले होते, त्यांचं पत्र आलं. मुली उपचार अर्धवट सोडतात हे आकड्यांनी सिद्ध झालं आहे. तेव्हा दिवाळीनंतर पुरवठा बंद. दुसऱ्या कामाला पैसा हवा आहे. भाषा फार सभ्य.

नीलाने पत्र घडी करून ठेवलं आणि उकळलेल्या सुया पुन्हा उकळायला टाकल्या. माझ्या मुलीच्या वयाची आहे, मुलगी असती तर. मी चहा केला. तिने घेतला नाही.

दिवाळीनंतर बंद म्हणजे जी येतात त्यांचंही बंद. बाजारात औषध मिळतं म्हणे. मिळतं की! पण दर महिन्याला रावेतहून येऊन कोण विकत घेणार, आणि दुखत नसताना?

१९ मार्च

रांग तशीच. त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

२३ एप्रिल, मंगळवार

लिहायलाच हवं.

नव्या रोग्यांत एक मुलगी आली. डोईवर पदर, मान खाली, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. बाहेर बाकावर सासू. नाव रुक्मिणी, गाव तळवडे, नवऱ्याचं नाव खंडू. तक्रार काय, तर खोकला. मी नवं कार्ड लिहिलं. नीलाने छाती ऐकली, कपाळाला आठी घातली आणि पेनिसिलीन सांगितलं. सुई टोचली तेव्हा पोरीने वेणी पुढे ओढली आणि टोक दातात धरलं.

माझ्या हातातला टाक थांबला. कस्तुरा!

तिने बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मान इतकी बारीक हलवली — नाही म्हणून. मी कार्ड टीपकागदाखाली सरकवलं आणि मोठ्याने म्हटलं, "रुक्मिणीबाई, पुढच्या महिन्यात परत या हं, खोकला चिवट आहे."

जुन्या गठ्ठ्यात कस्तुराचं कार्ड आहे. गेल्या वैशाखापासून कोरं. मशीनच्या हिशेबी ती गेली. आणि आज मशीनला एक नवी बाई मिळाली!

२४ एप्रिल

पिंपरीच्या बाजारात सरूबाईला गाठलं. मेथीच्या जुड्या बांधत होती. मी काही बोलायच्या आधीच तिने ओळखलं. पोरीचं लग्न झालं, सासरी नाव बदललं. दुखण्याचं तिकडे कुणाला सांगितलेलंच नाही. वर्षभर पोरीला घराबाहेर पडता आलं नाही. आता खोकल्याचं निमित्त मिळालं.

"सांगू नगा बाई कुनाला," म्हणाली. "काळजाचं दुखनं म्हनल्यावर कोन नांदवंल तिला? नाव बदललं ते बरंच झालं म्हना. जुनं दुखनं जुन्या नावासंगं गेलं."

नाही ना गेलं, सरूबाई.

जबरदस्तीने दोन जुड्या दिल्या. मी घेतल्या.

५ मे, रविवार

आज मशीनच्या खोलीत मी बोलले. शाल नेली होती, धीर आला.

म्हटलं, ज्योतीराम, तुमच्या घरी लग्न झालं की सुनेचं नाव बदलतात ना? म्हणाला, व्हय की, आमच्या वहिनीचं बदललं. म्हटलं, मग तुमची वहिनी लग्नाआधी जन्मलीच नव्हती का? तो हसायला लागला. मग हसता हसता थांबला. नीलाने कपाळावर हात मारून घेतला.

मुली विहिरीत पडल्या नव्हत्या. मांडवात गेल्या होत्या! नाव, आडनाव, गाव — तिन्ही बदलून बाहेर आल्या. ज्या आमच्याकडे परत आल्या त्यांना आम्हीच नवं कार्ड दिलं. मी दिलं, माझ्या हाताने. सात वर्षं. सगळ्यांच्या घरात चालणारी गोष्ट, आणि कार्ड आखताना कुणालाच आठवली नाही.

आणि मलासुद्धा? मी काय सुभद्रा म्हणून जन्मले?

माझं नाव कृष्णा. नदीवरून ठेवलेलं. सिस्टर अ‍ॅग्नेस 'क्रिष्ना' म्हणायची, शेवटचा आ लांबवत. लग्न झालं तर सासऱ्यांचं नाव कृष्णाजी. सासूबाई त्या नावाने सुनेला हाक कशी मारणार? मग त्यांनीच तोड काढली — कृष्णाची बहीण सुभद्रा. अक्षतांच्या ताटात यांनी अंगठीने लिहिलं. मला वाईटही वाटलं नाही तेव्हा. यांनी एकदाच विचारलं होतं, जुन्या नावाने हाक मारू का, कुणी नसताना? मी लाजून नको म्हटलं.

आता हाक मारायला कुणी नाही.

१९ मे, रविवार

ज्योतीराम कार्डात एक रकाना वाढवतोय — माहेरचं नाव. त्यासाठी त्याला सगळं नव्याने मांडावं लागणार. तक्रार नाही. पगार खात्यातले कारकून त्याच्याशी बोलत नाहीत, मशीनने आमचं पोट मारलं म्हणतात. 'हितं तरी कुनाचं पोट मारत नाही मी,' म्हणाला.

रोग्याने घरी न्यायच्या कार्डावर मात्र नावच नको, फक्त नंबर — हे नीलाने ठरवलं. सासूने पाहिलं तरी काही कळू नये.

४ जून, मंगळवार

आजपासून प्रत्येक बाईला विचारायला लागले, माहेरचं नाव काय? काय गंमत सांगू! प्रत्येकीचा चेहरा बदलतो. आधी वाटतं मी थट्टा करतेय. मग हसतात. एकीने तर पदर सावरून, शाळेत हजेरी द्यावी तसं सांगितलं. नातवाला घेऊन आलेल्या अंबूबाईला मी उगाचच विचारलं. म्हातारी म्हणाली, "थांब, आठवती." खूप वेळ बसून राहिली. जाताना दारातून वळून म्हणाली, "चिंगी! चिंगी म्हनत मला!"

२ जुलै, मंगळवार

पण ज्या येतच नाहीत त्यांचं काय? चाकण, आळंदी, मुळशी, कुठे कुठे दिल्यात. प्रत्येकीच्या सासरी आम्ही जाऊन उभ्या राहिलो तर घरात भांडणंच लागायची.

सरूबाईने सुचवलं. म्हणजे सहज बोलली, की आता पंचमीला येईलच माझी. मी तिच्याकडे बघतच राहिले. नागपंचमी! सगळ्याच येतील की! आपण कशाला जायचं?

जुन्या कार्डांवर आयांचे पत्ते आहेत. बाजारच्या बायकांकडून निरोप गेले: लेक माहेरी आली की मंगळवारची वाट बघू नका, कुठल्याही दिवशी आणा.

२५ जुलै

काल पंचमी. आज दवाखान्यात जत्रा!

मेंदीचे हात, नव्या बांगड्या, कडेवर पोरं. रांगेत फेराची गाणी गुणगुणत होत्या. बऱ्याच जणी मला ओळखीच्या — या माझ्या टेबलाएवढ्या असताना इथे रडल्या आहेत. आज त्यांची जुनी कार्डं काढून पुढे ठेवली की स्वतःचं नाव बोटाने चाचपायच्या. कस्तुरा मैत्रिणींना दटावत होती, "गप गं, येकदाच दुखतंय."

नीला जेवली नाही. पण चेहरा! चहा मात्र घेतला.

२६ जुलै

कस्तुराच्याच वयाची आमची छबू आली नाही. आई आली. पहिल्याच बाळंतपणात गेली म्हणाली, माघात. लग्नानंतर एकही इंजेक्शन नाही. आई रडली नाही, मीच रडले. तिचं कार्डही भरलं. माहेरचं नाव छबू, सासरचं नाव लक्ष्मी. तिला मोजायला नको का? तिलाच तर आधी.

२७ ऑगस्ट, मंगळवार

अधिक महिना लागला आहे. धोंड्याचा. जावयांचे लाड! सरूबाईने तळवड्याहून जावयाला बोलावलंय. अनरशाचं पीठ आंबवतेय आणि घाबरतेय. कस्तुराला तिसरा महिना आहे. नीला म्हणते, आता घरात एकाला तरी माहीत हवं, छबूसारखं नको. सासूला नसेल तर नवऱ्याला.

कस्तुरा म्हणाली, मीच सांगंन. पर तुमी संगं या.

८ सप्टेंबर, रविवार

मशीनला आज सुट्टी दिली. नीला आणि मी रावेतला गेलो. नदीपलीकडे ज्वारी कमरेएवढी. सरूबाईच्या ओसरीवर खंडू बसला होता — चिंचवडच्या कुठल्याशा ओतकामाच्या कारखान्यात असतो, हात चटक्यांचे, पुढ्यात अनरशांचं ताट. सासुरवाडीला जावई बसतो तसा अवघडून. एकेक अनरसा मुकाट्याने संपवत होता. सरूबाई अर्धी दाराआड.

कस्तुराने सांगितलं. उभ्या उभ्या, खाली बघून, एका दमात. नाव, ताप, इंजेक्शनं, खोकल्याचं खोटं. सरूबाईने डोळे मिटून घेतले होते.

खंडूने तोंडातला घास गिळला. म्हणाला, "म्हाईत हाय मला."

सरूबाईने डोळे उघडले.

"रोग म्हाईत न्हवता," तो म्हणाला. "पर तळवड्याच्या चढाला ती दमती. म्हनत न्हाई. मंग मी थांबून बिडी पेटवतो. तेवढाच तिला इसावा."

कस्तुराने वर पाहिलं. "म्हून बिड्या वाढल्या व्हय!"

नीला एवढी हसली की डोळ्यांत पाणी आलं. सरूबाईने जावयाच्या ताटात आणखी अनरसे घातले. तो पुरे म्हणेना, ती थांबेना. येताना खंडू नीलाला विचारत होता, सुई मंगळवारीच लागती का, त्या दिवशी त्याची दुसरी पाळी असते, सोडायला येता येईल.

२९ सप्टेंबर, रविवार

कागद पुन्हा पसरला. मुली आहेत! सगळ्या नाहीत, पण बहुतेक आहेत. ज्यांनी इंजेक्शन सोडलं नाही त्यांना ताप क्वचितच उलटला. ज्यांचं लग्नानंतर सुटलं त्यांना उलटला. तेच मशीन, तोच ज्योतीराम, त्याच मुली. नुसता एक रकाना.

नीलाने मुंबईला पाठवायचं पत्र माझ्याकडून टाइप करून घेतलं. सिस्टर अ‍ॅग्नेसने शिकवलेली बोटं आज नीट चालली. एकही खाडाखोड नाही.

२५ ऑक्टोबर

दसरा. काल खंडेनवमीला ज्योतीरामने मशीनला झेंडूची माळ घातली म्हणे, आणि नारळ बाहेर पॅसेजमध्ये फोडला. आत पाणी चालत नाही ना! रुसलेले कारकूनही प्रसादाला आले.

२७ ऑक्टोबर, रविवार

मुंबईचं पत्र आलं! पुरवठा चालू राहणार. इतकंच नाही, आमच्या कार्डासारखा रकाना इतर ठिकाणीही आखणार. नीलाने पत्र मला मोठ्याने वाचायला लावलं. मग ज्योतीरामला. पेढे आणायला तोच धावला.

आता नवी टूम. गावोगावच्या मोठ्या माणसांना चार प्रश्न विचारून कार्डं भरायची. लहानपणी सांधे सुजले होते का, एकामागून एक? ताप होता का? आता चढाला दम लागतो का? आणि कुणाची छाती आधी ऐकायला हवी, ती नावं मशीनने काढून द्यायची. मशीन नीट काढतं का ते बघायला ज्योतीरामला चार-सहा लटकी कार्डं हवी होती. एक त्याने मारुतीचं केलं — उड्डाणाला दम लागतो का, नाही! एक मला करायला सांगितलं. मला खोटं काही सुचेना. स्वतःचंच भरलं.

३ नोव्हेंबर, रविवार

मशीनने यादी काढली. नीला वाचत होती, मी पत्ते लिहून घेत होते. मधेच ती थांबली. "कृष्णा कोण?"

ज्योतीराम ओशाळला. म्हणाला, बाईंचं ते लटकं कार्ड काढायचं राहून गेलं.

मी हसले. नीला हसली नाही. "बाई, हे लटकं होतं?" मग म्हणाली, मंगळवारी रांग संपली की थांबा.

येताना जिना उतरले. उतरताना काही होत नाही.

५ नोव्हेंबर, मंगळवार

नीलाने ऐकलं. खूप वेळ. झडप अरुंद झाली आहे, लहानपणचीच. पुण्याला ऑपरेशन होतं, वय आड येणार नाही म्हणाली. पुढच्या दसऱ्याला मशीनपर्यंत एका दमात चढाल. मी विश्वास ठेवला आहे.

कार्ड मीच भरलं. नाव सुभद्रा. माहेरचं नाव कृष्णा.

घरी आले. खंडूची बिडी आठवली. कोनाड्यातली यांची छत्री काढून पुसली. काड्या एकूण एक शाबूत.